जगाचा भाव आणि आमचा माग

दिवाळी जवळ आली की आम्हां सोलापूरकरांच्या बोलण्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक बोनस, दुसरी 'मार्केट कसे आहे?' गंमत अशी, की या मार्केटचा पत्ता चाटी गल्लीतला नसतो; तो पुष्कळदा सातासमुद्रापलीकडचा असतो.

मी पडलो शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. जगाच्या अर्थकारणावर बोलण्याचा मला अधिकार तो काय? पण या गावात राहून तो विषय टाळताही येत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळले, आणि कालचे लक्षाधीश कफल्लक झाले. पुढे १८७७ साली आमची 'जुनी गिरणी' निघाली. गिरण्यांच्या भोंग्यावर गाव उठू लागले. त्या गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. टॉवेल परदेशी जाऊ लागले. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली. त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरची ११ टक्के जकात काही काळ उठवली. सूत स्वस्त होईल म्हणून कारखानदार सुखावले. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोटात मात्र गोळा आला.

तेव्हा वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "सर, तिकडे जकात वाढली, तर इकडे बाबांचे काम दोन दिवसांनी का कमी झाले?" नकाशावर अमेरिका दाखवणे सोपे होते, हे उत्तर अवघड.

अनिश्चितता, वाचकहो, सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. व्यापारी भाव सुधारण्याची वाट पाहू शकतो. मजुराचा हिशेब आठवड्याचा. त्याचा माग थांबला की घर चालते ते बायको वळते त्या विड्यांवर. तीच त्या घराची रिझर्व्ह बँक!

पुढच्या वर्षी जग कुठे जाईल ते तज्ज्ञ सांगोत. मला एवढेच कळते, की सगळा माल एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर विणू नये, आणि तेजीच्या दिवसांत मजुराच्या मंदीची तरतूद करावी. कोण विकत घेणार हे ठाऊक नसतानाही विणकर ताणा भरतो. त्याच्या चादरी पांघरून आपण निर्धास्त निजतो. त्यालाही तशी झोप लागावी, ही तजवीज कोणी करायची?