बुडबुड्यांबरोबर वर आलेलं तांबं

रेडॉन-२२२ चं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. नुसत्या विसरणानं तो मातीतून फार तर काही मीटर सरकतो. तेवढ्यात त्यातला बहुतेक नष्ट झालेला असतो. तरीही युरेनियम शोधणाऱ्यांना वरच्या मातीत रेडॉन सापडायचा आणि त्याचा उगम मात्र कितीतरी खोल निघायचा. क्रिस्टियान्सन आणि माल्मक्विस्ट या स्वीडिश संशोधकांनी १९८२ साली याचं कारण सुचवलं. खडकांच्या भेगांतल्या भूजलातून नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे अतिसूक्ष्म बुडबुडे वर चढत असतात आणि रेडॉनला ते सोबत घेऊन येतात.

माझा विषय सुरू होतो तो याच्या पुढच्या पायरीवर. बुडबुडा धातूच्या साठ्यातून वाट काढत आला, तर खनिजांचे कण त्याला चिकटायला हवेत. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर धातुक शुद्ध करतात ते याच गुणावर: दळलेल्या धातुकाच्या लगद्यात रसायनं घालून हवा सोडली, की सल्फाइडचे कण बुडबुड्यांना धरून फेसात येतात, दगडाचा चुरा खाली राहतो. जमिनीखाली हेच फार सावकाश, नॅनोमीटरांत मोजायच्या कणांच्या बाबतीत घडत असावं. स्वीडिश संशोधकांनी मातीत उपडी भांडी पुरली, त्यांत पातळ पटलावर कण गोळा केले आणि प्रोटॉनांचा मारा करून त्यातली मूलद्रव्यं ओळखली. हे पृथक्करणाचं तंत्र १९७० साली स्वीडनमधल्याच लुंडमध्ये जन्मलं होतं. पुढे चीनमध्ये या पद्धतीवर खूप काम झालं. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तांबं, जस्त, शिसं असलेले एकेक कण पाहिले गेले.

मला हा सूक्ष्मदर्शक सगळ्यात मोलाचा वाटतो. मातीतला वायू पंपानं फिल्टरमधून ओढला आणि त्यावर तांबं सापडलं, एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. तांबं वाऱ्याच्या धुळीत असतं, शेतात फवारलेल्या बुरशीनाशकात असतं, पंपाच्या पितळी जोडातही असतं. पण कणाचा आकार, त्याच्या स्फटिकाची रचना आणि गंधक-लोखंडासारखे त्याचे सोबती पाहिले, तर तो कुठून आला याचा अंदाज बांधता येतो. म्हणून सर्वेक्षणात मी कोऱ्या फिल्टरला नमुन्याइतकंच जपते. तोही तसाच प्रोबला, म्हणजे मातीत खुपसायच्या नळीला, लावायचा, तसाच डबीत बंद करायचा, फक्त त्यातून मातीतला वायू ओढायचा नाही. त्यावर धातू दिसला तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद.

हवामानही सांभाळावं लागतं. वातावरणाचा दाब उतरला की माती जास्त वायू सोडते, चढला की बाहेरची हवा आत शिरते. आपल्या काळ्या जमिनीत तर उन्हाळ्यात भेगांतून वरची हवा खोलवर जाते आणि पावसात तीच माती फुगून वाटा बंद करते. दोन ऋतूंतले आकडे एकाच नकाशावर मांडणं मला मान्य नाही.

बुडबुड्यांची कल्पना मला पटते, पण अजून ती गृहीतकच मानावी. तिच्या भरवशावर कुणी थेट छिद्रं पाडायला निघू नये. आधी माहीत असलेल्या साठ्यावर ती तपासावी. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे तांब्याची खनिजं असल्याचं ठाऊक आहे. तिथे खनिजाच्या पट्ट्यावर आणि पट्ट्याबाहेर, एकाच ऋतूत, कोऱ्या फिल्टरांसह प्रोब लावावेत. दोन्हीकडचे कण वेगळे निघाले, तरच बेसाल्टाखाली झाकलेल्या खडकांकडे वळावं.