आधी तोंडाला, मग पायाला

आमच्या वेळी मावळातल्या पवनानगरहून कथक शिकायला जायचं म्हणजे एसटीनं कामशेत आणि तिथून लोकलनं पुण्याचं शिवाजीनगर. एसटी चुकली की लोकल चुकायची, लोकल चुकली की वर्ग बुडायचा. आता तळेगावात, लोणावळ्यात वर्ग आहेत आणि तेवढंही जमत नसेल तर बिरजू महाराजांची तिहाई मोबाइलवर हवी तितक्या वेळा बघता येते. आम्हाला ते भाग्य नव्हतं.

पण त्या लोकलमध्ये आमची पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, व्हायची. आमच्या कथकच्या बाईंची शिस्तच होती, बोल आधी तोंडाला, मग पायाला. मांडीवर टाळी-खाली धरून कान्हे येईपर्यंत तीनतालाचा ठेका म्हणायचा, वडगाव-तळेगावला तोडे आणि देहूरोडच्या पुढे चक्रदार. तीनदा म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकं आलं की समोरची भाजीवाली मावशीही मान डोलवायची. पाय जमिनीला लागण्याआधी तोडा अंगात मुरलेला असायचा.

आज रेकॉर्डिंग लावलं की पाय सुरू होतात. तालाचं आवर्तन धरणारी धून, म्हणजे लेहरा, ॲपवर हव्या त्या लयीत, रात्री बारालाही मिळतो. आम्हाला पेटीवर लेहरा धरणारं माणूस परीक्षेच्या दिवशीच भेटायचं, त्यामुळे घरच्या रियाजात कित्येकींची सम सरकलेली असे आणि ते कळायलाही महिने जात. लयीच्या बाबतीत आजच्या मुली आमच्यापेक्षा पक्क्या आहेत.

घुंगरांचंही तसंच. पितळी घुंगरू जाड सुती दोरीत, प्रत्येकामागे गाठ मारून ओवायचे. आधी पन्नास, मग शंभर. दोरी झिजली की दुपारभर आई आणि मुलगी समोरासमोर बसून ती पुन्हा ओवत. बांधण्याआधी कपाळाला लावायचे. दोरी घोट्याला काचायची, वळ उठायचे. आता पट्ट्यावर शिवलेले घुंगरू वेल्क्रोनं क्षणात बसतात, वळ उठत नाहीत. आणि ती दुपारही उरली नाही.

या सगळ्याच्या मागे रोहिणी भाटे होत्या. १९४७ मध्ये त्यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली, तेव्हा चांगल्या घरच्या मुलीनं नाचावं हेच पुष्कळांना रुचत नव्हतं. जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे त्या शिकल्या, पुढे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे लखनौची तालीम घेतली. इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणलं. नाचणारी बाई वाचते, लिहिते, विचार करते, हे आमच्या वडीलधाऱ्यांना त्यांच्यामुळे दिसलं. शमा भाटे, प्रेरणा देशपांडे, शर्वरी जमेनीस त्यांच्याच हाताखाली घडल्या. गोपीकृष्णांकडे शिकलेल्या मनीषा साठ्यांनीही पुण्यात पिढ्या घडवल्या. मराठी घरांत कथक रुजलं ते या बायकांच्या चिकाटीमुळे.

तरीही मावळातल्या किती घरांनी मुली पाठवल्या? अंधार पडायच्या आत परतायचं, एवढ्या एका अटीनं कित्येकींचं शिक्षण थांबलं. मध्यमा परीक्षा झाली की स्थळं यायची आणि घुंगरू माळ्यावर जायचे. आज लग्नानंतर विशारद परीक्षेला बसणाऱ्या बायका आहेत, वर्गात मुलगेही आहेत. त्या काळात परत जायला सांगितलं, तर आमच्यातली एकही जाणार नाही.

हळहळ वाटते ती वह्यांची. फोटो काढायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक तोडा मात्रांचे खाने आखून, समेला फुली घालून हातानं उतरवावा लागे. समासात लिहिलेलं असे, हा तुकडा बाईंना कुणाकडून मिळाला, कुठे श्वास घ्यायचा, कुठे नजर आधी आणि हात नंतर. अशा वह्या मावळातल्या अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी अजून पडून असतील. इथल्या वर्गांनी त्या मागून घ्याव्यात आणि त्यातला एखादा तोडा मुलींकडून रेकॉर्डिंगशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणून घ्यावा. शाई फिकट होत चालली आहे, तेव्हा हे या वर्षीच व्हायला हवं.