बोगद्यापलीकडचा रस्ता

नांदुऱ्याच्या चालकाला रस्त्याचे दोन शत्रू ठाऊक: वैशाखातले ऊन आणि पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल. महामार्गावरील १०५ फुटी हनुमानमूर्तीसमोर उभे राहून बर्फाची कल्पना कोण करणार? तरीही हल्ली आपल्याकडील अनेक कुटुंबे हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन मनाली गाठतात.

९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांगची चढण टळली. मात्र बोगद्याबाहेर, सिस्सूच्या वाटेवर, खरी परीक्षा असते. पांढरा बर्फ निदान दिसतो. दुपारी वितळलेले पाणी सायंकाळी डांबरावर काचेसारखे गोठते, तेव्हा रस्ता नुसता ओला भासतो. तेथे जोराने ब्रेक दाबला की चाके जागीच अडकतात आणि गाडी सुकाणूचे ऐकत नाही. आमच्या स्थानिक चालकाने चाकांना साखळ्या बांधल्या, खालचा गिअर धरला आणि इंजिनाच्याच जोरावर वेग आवरला. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे पाहावे!

माझ्या मते, मुलेबाळे सोबत असतील तर मनालीत आपली गाडी ठेवून तेथीलच चालक घ्यावा आणि ऊन उतरण्यापूर्वी बोगद्याच्या अलीकडे परतावे.