चतुर्थीची भरती

आमच्या घरांत तिथि पाहण्याचें काम मातोश्रींचें. उपास केव्हां आणि पारणें केव्हां, एवढ्यापुरताच पंचांगाचा उपयोग, अशी आमची समजूत होती. ती एका वैशाखांत समुद्रानें दूर केली.

दापोली तालुक्यांतील आजोळीं आम्ही मुलांबाळांसह गेलों होतों. शुद्ध एकादशीस दुपारीं बारा वाजतां पाणी ओसरत होतें. मुलें खडकावर मनसोक्त खेळलीं. वद्य चतुर्थीस आम्ही त्यांस पुन्हां त्याच वेळीं नेऊं लागलों. "भरती केव्हां, तें कोणास विचारलेंस का रे?" मातोश्रींनीं विचारलें. "एकादशीचीच वेळ आहे, आई," असें म्हणून आम्ही हंसलों. अर्ध्या तासांत खडकाभोंवतीं पाणी चढलें. एका वृद्ध खारव्यानें होडी आणली म्हणून मुलें हातीं लागलीं.

"आज तिथ कोणती?" त्यानें विचारलें.

"चतुर्थी."

"चाराची पाऊणपट तीन. तीनला पुरी भरती. पोरांना बाराला खडकावर कोण आणतो?"

आमची मान खालीं गेली. शाळेंत शिकलेलें शास्त्र तेव्हां आठवलें. चंद्राच्या ओढीनें त्याच्या बाजूच्या पाण्यास फुगवटा येतो. विरुद्ध बाजूस ती ओढ सर्वांत कमी, म्हणून तेथेंही दुसरा येतो. यास्तव दिवसांत दोन भरत्या. पृथ्वीची एक फेरी होईतों चंद्र पुढें सरकतो, म्हणून भरतीस रोज सुमारें ५० मिनिटें उशीर होतो. अमावास्या-पौर्णिमेस आमच्या किनाऱ्यावर ती बाराच्या सुमारास येते. पुढें दर तिथीस पाऊण तास. त्या दिवशीं सूर्याची ओढही मिळते, म्हणून उधाण. अष्टमीस ती आडवी पडते, म्हणून भांग. उधाणाचें पाणी गोव्यास सुमारें २ मीटर चढतें, मुंबईस ५ मीटरपर्यंत, आणि उथळ व चिंचोळ्या खंबायतच्या आखातांत भावनगराजवळ १० मीटरहून अधिक.

हिशेब अर्थातच स्थूल आहे. छापील कोष्टक पाहणें उत्तम.

त्या रात्रीं मातोश्री अंगणांत चंद्रोदयाची वाट पाहत उपाशी बसल्या होत्या. ज्या चंद्रानें भरती आणली, त्याचीच ती वाट. झालें तें त्यांस कळलें होतें. तरी एक शब्द न बोलतां त्यांनीं नैवेद्याचा मोदक प्रथम मुलांच्या हातीं ठेवला. तेव्हांपासून समुद्रावर निघण्यापूर्वीं आम्ही त्यांस तिथि विचारतों.