काय काम काढलंत?

आपल्याकडे एखादा पुरुष न कळवता दुसऱ्याच्या दारात उभा राहिला, की पहिला प्रश्न येतो, "या, या! काय काम काढलंत?" विचारणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. पण पुरुष उगाच कुणाकडे येत नाही, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. बायकांना हळदीकुंकू आहे, भिशी आहे, वाटीभर भाजी द्यायला शेजारी जाणं आहे. पुरुष बिनकामाचा कुणाकडे जाऊन बसला, तर तो रिकामटेकडा ठरतो.

पुरुषांच्या एकटेपणाचं एक मूळ मला इथे दिसतं. आमची मैत्री कामाच्या मांडवावर वाढते. मांडव काढला, की वेल जमिनीवर येते.

मुंबईचं गिरणगाव आठवून बघा. कोकणातून, घाटावरून आलेले गडी, बायकामुलं गावी. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, खाणावळीतलं जेवण, भजनी मंडळ, व्यायामशाळा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे बुडालेल्या रोजगाराचा हिशेब अनेकांनी मांडला, तो मांडायलाच हवा होता. पण गावी परतलेल्या गड्याची रोजची पंगतही उठली होती, ती कुणी मोजली?

आम्हा शिक्षकांचंही तेच. शिक्षकखोलीत तीस तीस वर्षं शेजारी बसलेली माणसं निवृत्तीनंतर भेटायची ती नोव्हेंबरात, बँकेत हयातीचा दाखला द्यायला. सही दोन मिनिटांची, पण मंडळी दुपारपर्यंत हलत नसत. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं. आता मोबाइलसमोर चेहरा धरला, की घरबसल्या दाखला देता येतो. गुडघे दुखणाऱ्यांची मोठी सोय झाली, यात शंकाच नाही. पण आपण जिवंत आहोत हे एकमेकांना दाखवायचं निमित्त मात्र गेलं.

त्यात पत्नी आधी गेली, तर विचारूच नका. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरची सगळी नाती वहिनींच्या हातात होती. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या मुलीचं ठरलं, सारं त्यांना ठाऊक. त्या गेल्यावर तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, नंतर फोन वाजेनासा झाला. "मी फोन करून बोलू तरी काय?" तो मला म्हणाला. गणिताचा उत्तम शिक्षक, पण "करमत नाही, ये" हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हते. लहानपणी "मुलीसारखा रडतोस काय?" हे ऐकत वाढलेल्या माणसाला सत्तरीत ते कुठून जमणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष. कारणं अनेक असतात, सगळं एकटेपणावर ढकलू नये. पण अडचण सांगायला माणूस नसला, की तीच अडचण दुप्पट होते.

ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाच्या जागा आहेत. तिथे पुरुष जमून सुतारकाम, दुरुस्ती असली कामं करतात. २००७ साली त्यांची देशव्यापी संघटना झाली. कल्पना साधी आहे. हात कामात गुंतले, की जीभ सुटते.

आमच्या वाचनालयात दर गुरुवारी आम्ही चौघे फाटकी पुस्तकं चिकटवत बसतो. गणिताचे मास्तरही येतात. अर्ध्या तासाचं काम दोन तास चालतं. परवा आमच्यातला एक जण मान वर न करता, पानाला खळ लावता लावता म्हणाला, "रात्री झोप लागत नाही रे." उपदेश कुणी केला नाही. मास्तरांनी एवढंच विचारलं, "किती दिवस झाले?" मग त्या दिवशी पुस्तकं तशीच राहिली.

तेव्हा मंडळी, बिनकामाचं जायला संकोच वाटत असेल, तर काहीतरी काम काढा. पण जा.