देणं बाकी

उपकोषागारात कारकून म्हणून लागलो त्याच वर्षी, ऐन मार्च एंडला, माझे वडील दवाखान्यात होते. दिवसा बिलांचा ढीग, रात्री त्यांची उशी. आमच्या कचेरीत नाना नावाचे ज्येष्ठ लेखापाल होते. बिलावर आक्षेप काढण्यापलीकडे फारसे बोलत नसत. एका संध्याकाळी त्यांनी कव्हर निघालेलं इंग्रजी पुस्तक माझ्या डब्याच्या पिशवीत सरकवलं. "झोप येणार नाहीच. वाच. परत मात्र दे."

ती रोमच्या मार्कस ऑरेलियसची टिपणं होती. 161 ते 180 अशी एकोणीस वर्षं सम्राट असलेल्या माणसाने ग्रीकमध्ये, स्वतःपुरती लिहिलेली. 'धीर धरा' छापाचा उपदेश असणार म्हणून मी जरा कंटाळतच उघडलं, तर पहिलं प्रकरण म्हणजे चक्क देण्यांची यादी! सतरा नोंदी. आजोबांकडून काय घेतलं, आईकडून काय, कुठल्या गुरूकडून काय. सगळं नावानिशी. ही तर माझ्या टेबलावरची भाषा.

रस्टिकस या गुरूच्या खात्यावर बरंच काही आहे, पण माझं बोट एकाच बाबीवर थांबलं. एपिक्टेटसची प्रवचनं त्याने स्वतःच्या संग्रहातून काढून मार्कसला वाचायला दिली होती. एपिक्टेटस एकेकाळचा गुलाम. गुलामाचं शहाणपण सम्राटापर्यंत पोचलं ते मध्ये कुणीतरी पुस्तक उसनं दिलं म्हणून.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच पूर्वेकडे युद्ध, तिथून परतलेल्या सैन्याबरोबर आलेली साथ, मग डॅन्यूबच्या काठावर वर्षानुवर्षं छावणी. डझनाहून अधिक मुलं झाली, त्यांतली बहुतेक लहानपणीच गेली. युद्धापायी खजिना आटला तेव्हा नवा कर लादण्याऐवजी त्याने राजवाड्यातली भांडी, रत्नं, राणीची रेशमी वस्त्रं भर चौकात लिलावात काढली, असं त्याच्या जुन्या चरित्रात आहे. विजयानंतर ज्यांना वस्तू परत करायच्या होत्या त्यांना पैसे परत मिळाले. ज्यांनी ठेवून घेतल्या त्यांच्यावर राग नाही. कोषागारात जन्म घालवलेल्या माणसाला हे फार आवडतं. लिलाव पुष्कळ पाहिले, असा परतावा एकही पाहिला नाही.

त्याला देव्हाऱ्यात मात्र बसवू नये. 177 मध्ये ल्योंमध्ये ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं गेलं, ते त्याच्याच राज्यात. आणि गादी दिली ती पोटच्या कॉमोडसला. नानांनी इथे लाल पेन्सिल नक्की उचलली असती.

मला जास्त खटकतो तो एक कोरा रकाना. 138 मध्ये तेव्हाच्या सम्राट हेड्रियनने अँटोनायनसला वारस नेमलं ते मार्कसला दत्तक घेण्याच्या अटीवर. म्हणजे गादीपर्यंतची वाट हेड्रियननेच आखून दिली. यादीत अँटोनायनसची नोंद पानभर आहे. हेड्रियनची एक ओळही नाही.

का नसावी? गादी मार्कसला हवी होती असं दिसत नाही. मला कॉलेज पुरं करायचं होतं. परस्पर अर्ज भरून मला उपकोषागारात चिकटवलं ते वडिलांनी. त्या खुर्चीवर छत्तीस वर्षं घर चाललं, तरी मनातली अढी गेली नाही. निवृत्तीनंतर मीही एका जुन्या वहीत अशी यादी करायला बसलो. आई झाली, थोरली बहीण झाली, नाना झाले. नानांचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. ते बदलीवर गेले आणि द्यायचं राहिलं, तेही लिहिलं. वडिलांपाशी पेन थांबलं.

आठवली ती दवाखान्यातली रात्र. स्टुलावर अवघडून बसून मी पानं उलटत होतो. अण्णांनी डोळे उघडले.

"काय वाचतोस रे?"

"ऑफिसचं आहे."

ते काही बोलले नाहीत. सलाइनचा हात सांभाळत भिंतीकडे सरकले आणि मला टेकायला कॉटवर वीतभर जागा केली.