चकतीमागचा नंबर

अमेरिकेहून परत आल्यावर शाळेत, मोहल्ल्यात, नातेवाइकांत सर्वांनी एकच प्रश्न विचारला, "काय काय पाहिलं?" समुद्र पाहिला, मोठमोठे रस्ते पाहिले, उंच इमारती पाहिल्या, हे सांगून झाले. पण आमच्या मनात राहिले ते एका सार्वजनिक बागेतले झाडांचे बन. तिथे तिकीट नव्हते, फाटकावर कोणी अडवणारा नव्हता. त्या बनात आम्ही एक खेळ खेळलो, एक वस्तू हरवली आणि घरात तीन वर्षे अडून बसलेले एक बोलणे मोकळे झाले.

आम्ही दोघे नवरा-बायको मिरजेत शिक्षक आहोत. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत भाईजानकडे गेलो. ते लॉस एंजेलिसला लागून असलेल्या पॅसाडेना शहरात राहतात, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अम्मींचा इंतकाल झाला. त्या दिवसांत भाईजानना येणे शक्य नव्हते, हे आम्हाला कळत होते. पण चाळीस दिवसांत त्यांचा एकही फोन आला नाही, हे मात्र कळत नव्हते. भाभी फोन करायच्या, रडायच्या. भाईजानना द्या म्हटले की "कामावर गेलेत", "आत्ताच झोपलेत" असे उत्तर मिळे. पुढे बोलणे सुरू झाले, पण ईद मुबारकपुरते.

आता त्यांनीच आग्रह करून बोलावले होते. आठ दिवस झाले, रोज दस्तरखानावर समोरासमोर बसून आम्ही हवा, महागाई आणि मुलांची शिक्षणे यांवर बोलत होतो. अम्मींचे नाव निघाले की कोणीतरी चहा टाकायला उठे.

रविवारी सकाळी भाचा म्हणाला, "चाचा, चाची, चला, आज डिस्क गोल्फ खेळू या."

गोल्फ म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर हिरवेगार गवत, पांढरे हातमोजे आणि श्रीमंतांचा क्लब आला. आम्ही हसून नको म्हटले. तो म्हणाला, "यात काठी नाही, चेंडू नाही. एक चकती फेकायची आणि तिच्या मागे चालायचं." भाईजाननेही बूट घातले. मग नाही म्हणता आले नाही.

गाडीने पंधरा मिनिटांत आम्ही हाहामोंग्ना वॉटरशेड पार्कला पोहोचलो. हे नाव तिथल्या मूळच्या टोंग्वा लोकांकडून आलेले आहे. समोर सॅन गॅब्रिएलचे डोंगर आणि पायथ्याला आरोयो सेको नावाच्या ओढ्याचे रुंद, बहुतेक कोरडे पात्र. त्याच्या खालच्या टोकाला १९२० मध्ये बांधलेले डेव्हिल्स गेट धरण आहे. काठावर ओकचे जुने बन आहे. उर्दूत ज्याला आपण बलूत म्हणतो, तो हा वृक्ष. आपल्या वडासारखा तो पसरतो, फांद्या वळणे घेत पार जमिनीपर्यंत येतात. पाने लहान, कडांना काटे असलेली आणि बाराही महिने हिरवी. मे महिन्यात मिरजेत डांबर वितळते, इथे सकाळी ढग उतरलेले आणि हवेत गारवा होता.

या बनाचे नाव ओक ग्रोव्ह. डिस्क गोल्फचे जगातले पहिले कायमचे मैदान म्हणून ते ओळखले जाते. १९७५ मध्ये ते सुरू झाले. ज्या माणसाने ते उभे केले त्याचे नाव एड हेडरिक. व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीत तो काम करी. फ्रिस्बी नावाची प्लॅस्टिकची चकती सरळ आणि स्थिर उडावी म्हणून त्याने तिच्यात सुधारणा केली आणि १९६७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. ओक ग्रोव्हमध्ये सुरुवातीला नुसते खांब होते, चकती खांबाला लागली की झाले. पण लागली की नाही यावर वाद होत. मग हेडरिक आणि त्याचा मुलगा केन यांनी खांबाभोवती साखळ्या सोडल्या आणि खाली जाळीची टोपली बसवली. चकती साखळ्यांवर आपटते, खणखण वाजते आणि टोपलीत पडते. वाद संपला. या टोपलीचे पेटंट १९७७ चे. २००२ मध्ये हेडरिक वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या बनवण्यात आल्या. आपल्याला हे ऐकायलाही विचित्र वाटते, पण एखाद्याने आपल्या कामावर किती जीव लावावा, हे त्यातून कळते.

बनाच्या शेजारीच जेट प्रपल्शन लॅबोरेटरी आहे, नासाची प्रसिद्ध प्रयोगशाळा. १९३६ मध्ये कॅलटेकच्या काही तरुणांनी याच ओढ्याच्या पात्रात रॉकेटचे पहिले प्रयोग केले, त्यातून ती उभी राहिली. ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचलेली व्हॉयेजर याने इथलीच. नासा आणि इस्रो यांनी मिळून केलेला 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सुटला, त्याच्या दोन रडारांपैकी एक इथे तयार झाले. भाचा म्हणाला, "चाची, इथे जे काही फेकतात ते लांबच जातं." आमची चकती मात्र वीस पावलांवर पडली.

खेळ सोपा आहे. ठरलेल्या जागी उभे राहून टोपलीच्या दिशेने चकती फेकायची. ती जिथे पडेल तिथून दुसरी फेक, मग तिसरी. जो मागे राहिला असेल त्याने आधी फेकायचे. सगळ्यांत कमी फेकींत जो टोपली गाठेल तो जिंकला. चकत्या फ्रिस्बीपेक्षा लहान आणि जड असतात, कडा धारदार. लांब फेकीची वेगळी, मधल्या अंतराची वेगळी, टोपलीजवळची वेगळी. उजव्या हाताने छातीवरून बाहेर फेकली की वेग मरताना ती डावीकडे वळते. हे वळण लक्षात घेऊनच नेम धरावा लागतो.

मोकळ्या मैदानावर हे सोपे असेल. इथे मधे झाडे उभी आहेत. पहिल्याच फेकीला आमची चकती समोरच्या खोडावर आदळली आणि घरंगळत आमच्याच पायाशी परत आली. भाभी हसल्या. दुसरी फांदीत अडकली, ती दगड मारून पाडली. पहिल्या टोपलीला भाच्याला तीन फेकी लागल्या, आम्हाला प्रत्येकी नऊ. पण चौथ्या-पाचव्या टोपलीपर्यंत एक गोष्ट समजली. झाडाकडे पाहून फेकले की चकती झाडावरच जाते. दोन झाडांमधल्या फटीकडे पाहून फेकले तर निघून जाते. वर्गातल्या अवघड मुलांच्या बाबतीतही आमचा हाच अनुभव आहे.

आजूबाजूला तऱ्हेतऱ्हेची माणसे होती. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन एकटेच खेळत होते. एक जोडपे बाळाची गाडी ढकलत चालले होते. मजुरी करणारी दिसणारी चार मुले स्पॅनिशमध्ये गलका करीत होती. भाभींच्या डोक्यावर ओढणी होती, आमच्यातल्या एकाच्या डोक्यावर टोपी. कोणी वळून पाहिले नाही. पाहिले ते फक्त चकती कुठे पडते म्हणून, आणि चांगली फेक झाली की अनोळखी लोकही टाळी वाजवत.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. घरात समोरासमोर बसून जे बोलता येत नव्हते, ते इथे हळूहळू बोलले जात होते. सगळ्यांचे तोंड पुढे, नजर टोपलीवर, पाय चालत. भाईजान मधेच म्हणाले, "अम्मी असत्या तर या पानांचा झाडू बांधला असता." आम्ही हसलो. चहा टाकायला उठायला तिथे चूलही नव्हती.

बाराव्या टोपलीला भाईजानची निळी चकती झाडांवरून वळली आणि खालच्या झुडपांत गेली. भाच्याने आधीच बजावले होते की तीन-तीन पानांच्या झुडपांना हात लावायचा नाही, अंगाला खाज आणि फोड येतात, आणि साप असतो तो वेगळाच. आम्ही सगळे काठीने पाला बाजूला करीत शोधू लागलो. मागून आलेल्या खेळाडूंना पुढे जाऊ दिले. त्यांतले दोघे थांबून आमच्याबरोबर शोधू लागले. पंधरा मिनिटे झाली. भाईजान म्हणाले, "जाऊ द्या, जुनीच होती." पण चेहऱ्यावरून कळत होते की ती आवडती होती.

चौथ्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. कोणाला तरी ती चकती सापडली होती. तिथे रीत अशी की चकतीच्या मागच्या बाजूला पक्क्या शाईने आपला फोन नंबर लिहून ठेवायचा. ज्याला सापडेल तो कळवतो. भाईजान आणि आम्ही दोघे संध्याकाळी बागेच्या वाहनतळावर गेलो. एक मध्यमवयीन माणूस गाडीतून उतरला, चकती हातात दिली. भाईजानने कॉफीचे विचारले, तो नको म्हणाला आणि हात हलवून निघून गेला. पुरते एक मिनिटही लागले नाही.

अस्रची वेळ झाली होती. ओकच्या खाली चादर अंथरून आम्ही नमाज पढलो. सलाम फेरल्यावर भाईजान उठले नाहीत. चकती उलटी करून नंबर पाहत राहिले.

"त्या माणसाला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं," ते म्हणाले. "नुसता नंबर होता, म्हणून कळवलं. माझ्याकडे तर तुमचा नंबर होता."

आम्ही गप्प राहिलो.

"रोज काढायचो नंबर. तुमचा आवाज ऐकला की ती गेली हे खरं होईल, असं वाटायचं. आणि तुम्ही विचाराल, का आला नाहीत? मग दहा दिवस झाले, वीस झाले. जितका उशीर झाला तितकं अवघड होत गेलं."

यावर काय बोलावे? आम्ही त्यांना माफ केले, असे म्हणायला तोंड उघडले आणि लक्षात आले की भाभींच्या फोनवर रोज "द्या त्यांना" म्हणणाऱ्या आम्ही दोघांनीही एकदासुद्धा सरळ भाईजानचा नंबर लावला नव्हता. त्यांनीच करावा, ते मोठे आहेत, हा आमचा हट्ट होता. तेही आम्ही तिथेच सांगून टाकले. मग शेवटच्या आजारात अम्मींनी काय काय म्हटले, कोणाकोणाला दुआ दिली, दफनाला किती थोडी माणसे जाऊ शकली, सगळे अथपासून इतिपर्यंत सांगितले. भाईजान ऐकत होते, रडत होते, मधेच प्रश्न विचारत होते. तीन वर्षांपूर्वी जे व्हायला हवे होते ते त्या झाडाखाली झाले. मगरिबपर्यंत आम्ही तिथेच होतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आम्ही मुलांना हा खेळ शिकवला. शाळेमागे कडुनिंब आणि चिंचेची झाडे आहेत, मैदान म्हणावे अशी ती जागा नाही. झाडे मधे येतात म्हणून तिथे कोणी खेळत नसे. आम्ही फांद्यांना सायकलचे जुने टायर टांगले. चकत्या म्हणून रंगाच्या डब्यांची प्लॅस्टिकची झाकणे घेतली. टायरमधून झाकण गेले की झाले, फेकी मोजायच्या. खर्च जवळजवळ शून्य. क्रिकेटमध्ये ज्यांना कधी बॅट मिळत नाही ती मुले आणि नुसत्या कट्ट्यावर बसून राहणाऱ्या मुली आता मधल्या सुट्टीत झाकणे घेऊन पळतात. प्रत्येक झाकणामागे नाव आणि वर्ग लिहिलेला असतो. भिंतीपलीकडे गेलेली झाकणे शेजारचे लोक परत आणून देतात.

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी त्या डोंगरांच्या पायथ्याशी आग लागली. बागेपलीकडच्या अल्टाडेना गावात आणि आसपास नऊ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. ज्या मस्जिद अल्-तक्वामध्ये आम्ही जुम्याची नमाज पढलो होतो, तीही राहिली नाही. इकडे ८ तारखेची दुपार होती, मधली सुट्टी चालू होती. फोन वाजला. भाईजान होते.

"बातमीत ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका. आम्ही घर सोडून निघतोय, सगळे ठीक आहोत. पोहोचलो की फोन करतो."

तासाभराने फोन आला. अल्हम्दुलिल्लाह, घरही वाचले.